समुद्रकाठच्या टेहळणी बुरुजाचं नाणं नागपुरात मागवताना: निवडीपासून साठवणीपर्यंत

परदेशी स्मारक नाणं घरबसल्या मागवणं आता सोपं झालंय. फोटो पाहिला, कार्डाने पैसे भरले की नाणं निघतं. नवखा माणूस अडकतो तो पुढे. आलेलं नाणं त्याला हवं असलेलं नसतं, पाकीट कस्टममध्ये थांबतं, किंवा सगळं नीट पार पडून दुसऱ्या पावसाळ्यात नाण्यावर हिरवट चिकट थर चढतो. समुद्रकाठच्या टेहळणी बुरुजांची नाणी हा विषय सुरुवातीला उत्तम आहे. नाणी फार महाग नाहीत, बुरुजांचा इतिहास भरगच्च आहे आणि किल्ले पाहत वाढलेल्या मराठी माणसाला तो परकाही वाटत नाही. फक्त क्रम पाळायचा.

हाताशी काय काय हवं

कागदपत्रं: पॅन, आधार, आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असलेलं कार्ड, आणि नागपूरचा पूर्ण पत्ता पिनकोड व मोबाईल नंबरासह. पत्त्यावरचं नाव आधारवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. घरात सगळे हाक मारतात ते नाव पाकिटावर घालू नका.

साहित्य: ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा, डिजिटल व्हर्नियर कॅलिपर (जबडे प्लास्टिकचे असले तर बरं, धातूचे जबडे कडेवर ओरखडा पाडतात), दहापट मोठं दाखवणारं भिंग, एक छोटं जोरकस चुंबक, सुती हातमोजे, डिस्टिल्ड वॉटर, आणि नाण्याच्या मापाची कॅप्सूल किंवा पुठ्ठ्याचे होल्डर.

१. आधी बुरूज पक्का करा, मग नाणं

नाण्यांचे तीन प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत, कारण किंमत, उपलब्धता आणि फसवणुकीची रीत तिन्हींत वेगळी असते.

पहिलं साधं चलनी नाणं. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटाच्या एक पेनीवर १९८३पासून ल हॉकचा टेहळणी बुरूज आहे, आणि पाच पेन्सवर सेमूर टॉवर. सेमूर टॉवर १७८२चा. किनाऱ्यापासून दूर, समुद्रातल्या खडकावर उभा असलेला हा बुरूज भरतीला पाण्याने वेढला जातो आणि ओहोटीला तिथपर्यंत चालत जाता येतं. ही स्मारक नाणी नव्हेत, पण सरावाला यांच्यासारखी दुसरी नाहीत.

दुसरं चलनी स्मारक नाणं. युरो वापरणारा प्रत्येक देश वर्षाला दोन युरोची दोन स्मारक नाणी काढू शकतो. माप सगळ्यांचं एकच, २५.७५ मिलिमीटर व्यास आणि ८.५ ग्रॅम वजन. बदलते ती फक्त त्या देशाची बाजू. ही नाणी सगळ्या युरो देशांत चालतात.

तिसरं खास संग्राहकांसाठी काढलेलं नाणं. पोर्तुगालचं २००९चं अडीच युरोचं बेलेम टॉवरचं नाणं या गटातलं. अडीच युरो हे नेहमीच्या चलनात नसलेलं मूल्य असल्यामुळे ते कायदेशीर चलन फक्त पोर्तुगालमध्येच. पुढे कधी युरोपला गेलात तर स्पेनमधल्या दुकानात ते कोणी घेणार नाही. आपल्याकडेही परकीय चलन बदलून देणारे नोटा घेतात, नाण्यांना सहसा हात लावत नाहीत. त्यामुळे अंकित मूल्य पाहून हिशेब करू नका.

या मार्गदर्शकात मुख्य उदाहरण बेलेमचंच घेतलंय, आणि त्याला कारण आहे. लिस्बनजवळ टागस नदीच्या मुखाशी राजा मॅन्युएल पहिला याने हा बुरूज उभारला, सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात. रचनाकार फ्रान्सिस्को द अरुदा. समुद्रावरून शहराकडे येणाऱ्या जहाजांवर इथून नजर ठेवली जाई. १९८३मध्ये शेजारच्या जेरोनिमोस मठासह तो जागतिक वारशाच्या यादीत आला. आणि त्याच्या एका कोपऱ्यातल्या सज्जाखाली दगडात कोरलेलं गेंड्याचं डोकं आहे. गुजरातचा सुलतान मुजफ्फर शाह दुसरा याने पोर्तुगीजांना भेट दिलेला गेंडा गोव्यामार्गे जहाजाने जाऊन १५१५मध्ये लिस्बनला उतरला, तेव्हा बुरुजाचं काम चालूच होतं. आपल्या मुलखातून गेलेल्या जनावराची खूण तिथल्या दगडावर राहिली. असं नाणं संग्रहात पहिलं असावं.

एक सावधगिरी इथेच. नाण्यावर बुरूज दिसला म्हणजे तो समुद्रकाठचा असतोच असं नाही. सान मारिनोच्या जुन्या एक सेंटवर आणि पन्नास सेंटवर जे बुरूज आहेत ते तितानो डोंगरावरचे. स्पेनमधल्या ला कोरुन्याचा हर्क्युलस टॉवर समुद्रकाठी आहे, पण तो दीपस्तंभ आहे. विक्रेते या सगळ्यांना एकाच नावाखाली विकतात. तुमचा विषय काय आणि त्यात काय बसत नाही, हे वहीत आधी लिहून ठेवा.

२. तपशीलपत्रक बनवा

ही पायरी लोक गाळतात आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. पैसे भरण्याआधी एका कागदावर नाण्याचा पूर्ण तपशील उतरवा: देश, वर्ष, मूल्य, धातू, वजन, व्यास, कड कशी आहे, दोन्ही बाजूंवरची अक्षरं, आणि कॅटलॉग क्रमांक. नुमिस्टासारख्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये हे सगळं मिळतं. विक्रेते लिहितात तो ‘केएम’ क्रमांकही (क्राउझ-मिशलर यांच्या नाणे-कॅटलॉगमधला) तिथे ताडून पाहता येतो.

बेलेमच्या नाण्यासाठी कागद असा होईल: पोर्तुगाल, २००९, अडीच युरो, तांबं-निकेल, १० ग्रॅम, २८ मिलिमीटर.

जर्सीच्या पेनीसाठी: व्यास २०.३ मिलिमीटर, वजन ३.५६ ग्रॅम, धातू सुरुवातीच्या वर्षांत ब्राँझ, नंतर तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद. पाच पेन्सला आणखी एक गोम आहे. १९९०मध्ये ते लहान झालं. जुनं २३.६ मिलिमीटरचं, नवं १८ मिलिमीटरचं. फोटोत दोन्ही सारखीच दिसतात.

धातूच्या रकान्यात विशेष लक्ष घाला. टांकसाळी एकच नक्षी तांबं-निकेल, चांदी आणि सोन्यातही काढतात. विक्रीच्या पानावर फोटो चांदीच्या प्रूफ नाण्याचा आणि खाली बारीक अक्षरांत तांबं-निकेल, असा प्रकार सर्रास चालतो.

दर्जाचे शब्दही लिहून ठेवा. ‘यूएनसी’ म्हणजे चलनात न फिरलेलं. ‘बीयू’ म्हणजे न फिरलेलं आणि टांकसाळीची चमक शाबूत असलेलं. ‘प्रूफ’ म्हणजे खास ठशांनी पाडलेलं, आरशासारखी जमीन आणि त्यावर पांढुरकी नक्षी. प्रूफच्या जमिनीवर बोटाचा एक ठसा उमटला की तो कायमचा, म्हणून नवख्याने पहिलं नाणं प्रूफ घेऊ नये.

पहिलं नाणं सोन्या-चांदीचंही घेऊ नका. मौल्यवान धातूंच्या आयातीचे नियम वरचेवर बदलतात आणि एका नाण्यासाठी तेवढी धावपळ परवडत नाही.

३. विक्रेता निवडताना

२००९चं नाणं पोर्तुगालच्या टांकसाळीकडून आता थेट मिळणार नाही. ते युरोपातल्या नाणेविक्रेत्यांकडे, लिलावाच्या संकेतस्थळांवर किंवा भारतातल्या व्यापाऱ्यांकडे मिळतं. नागपुरात नाणी-तिकिटांचं प्रदर्शन भरलं तर तिथे आधी चक्कर मारा. थोडे पैसे जास्त गेले तरी नाणं हातात घेऊन, काट्यावर ठेवून घेता येतं आणि कस्टमचा प्रश्नच उरत नाही.

ऑनलाइन घेताना त्याच नाण्याचे फोटो मागा: दोन्ही बाजू आणि कड. ‘फोटो प्रातिनिधिक आहे’ असं लिहिलेलं असेल तर दर्जाबद्दलचा दावा सोडून द्या. खालच्या गोष्टी दिसल्या तर पुढे जाऊ नका:

- सोन्याचा मुलामा दिलेलं किंवा रंगवलेलं नाणं. हे काम बहुतेक वेळा टांकसाळीबाहेर झालेलं असतं आणि संग्राहक अशा नाण्याला बिघडलेलं नाणं मानतात.
- ‘प्रोबे’, ‘एसे’ किंवा ‘पॅटर्न’ (म्हणजे चाचणीची नाणी) असं लिहिलेले युरो संच. यातले पुष्कळ खासगी कारखान्यांनी पाडलेले बिल्ले असतात, कुठल्याही सरकारने काढलेली नाणी नव्हेत.
- मूल्यच नसलेलं ‘नाणं’. देशाचं नाव आणि मूल्य दोन्ही नसतील तर ते पदक आहे.

आणखी एक. युरोपातल्या बहुतेक देशांच्या बिलात दशांशाला स्वल्पविराम असतो. १२,५० म्हणजे साडेबारा युरो, साडेबाराशे नव्हे. १.२५० म्हणजे मात्र एक हजार दोनशे पन्नास. बोली लावताना इथे गफलत होते.

४. पैसे भरणं

बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू करा, मर्यादा नाण्याच्या किमतीच्या जरा वर ठेवा आणि काम झालं की बंद करा. बहुतेक कार्डांवर परकीय चलनाच्या व्यवहाराला काही टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी लागतो, तो हिशेबात धरा. विक्रेत्याने थेट बँक खात्यात पैसे मागितले तर नको म्हणा, तक्रार करून पैसे परत मिळवायची वाट त्यात राहत नाही.

परदेशी नाणी घरात ठेवणं कायदेशीर आहे का, असं पुष्कळजण घाबरत विचारतात. आहे. फेमाच्या (परकीय चलन व्यवस्थापन कायद्याच्या) नियमांप्रमाणे परकीय नाणी किती बाळगावीत याला मर्यादा नाही. दोन हजार डॉलरची मर्यादा आहे ती परकीय नोटांसाठी.

५. टपाल आणि कस्टम

विक्रेत्याला स्पष्ट लिहा: विमा उतरवलेलं किंवा नोंदणीकृत, ट्रॅकिंग नंबर असलेलं पाकीट हवं. स्वस्तात साध्या लिफाफ्यातून पाठवतो म्हणाला तर मान्य करू नका. विमा नसलेल्या साध्या पत्र-टपालात नाणी घालायला आंतरराष्ट्रीय टपाल करारातच मनाई आहे, काही देश फक्त नोंदणीकृत पाकिटाला सूट देतात. असं साधं पाकीट हरवलं तर दाद मागता येत नाही. खासगी कुरिअरने मागवत असाल तर ती कंपनी नाणी घेते का हे आधी विचारून घ्या. काही जण घेतच नाहीत.

ट्रॅकिंग नंबर तेरा अक्षरांचा असतो: दोन अक्षरं, नऊ अंक, दोन अक्षरं देशाची (पोर्तुगालसाठी ‘पीटी’, ब्रिटनसाठी ‘जीबी’). भारतात आल्यावर हाच नंबर इंडिया पोस्टच्या संकेतस्थळावर चालतो.

पाकिटावरच्या सीएन २२ किंवा सीएन २३ या कस्टम फॉर्मवर विक्रेत्याने काय लिहावं तेही सांगून ठेवा: संग्रहासाठीचं नाणं, तांबं-निकेल, नग एक, वर्ष, खरी किंमत. ‘गिफ्ट’ लिहू देऊ नका. भेटवस्तू म्हणून शुल्कमाफीत आयात करण्याची सोय २०१९च्या डिसेंबरपासून राखी आणि जीवरक्षक औषधांपुरतीच उरली आहे, आणि विकत घेतलेल्या वस्तूवर ‘गिफ्ट’ लिहिणं हे सरळ खोटं विवरण ठरतं. किंमत कमी दाखवणंही तसंच. शिवाय पाकीट हरवलं तर विमा तेवढ्याच किमतीचा मिळतो.

पाकीट फॉरेन पोस्ट ऑफिसात उतरलं की कस्टम ते तपासतं. शुल्क नाण्याच्या किमतीवर, टपालखर्च आणि विमा धरून लागतं. दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून मागवण्याच्या आठवड्यात सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर पाहा. नाण्यांचं शीर्षक ७११८ आहे. शुल्क बसलं असेल तर पोस्टमन पाकीट देताना ते घेतो आणि पावती देतो. ती पावती जपा, नाणं रीतसर आल्याचा तोच पुरावा.

कस्टमने कागद मागितले तर घाबरायचं कारण नाही. पॅन-आधारच्या प्रती, बिल, पैसे भरल्याचा पुरावा आणि विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट लगेच पाठवा. हा स्क्रीनशॉट खरेदीच्या दिवशीच काढून ठेवायचा असतो, नंतर ते पान निघून गेलेलं असतं. उत्तराला उशीर झाला तर पाकीट परत जातं.

६. उघडणं आणि तपासणी

पाकीट फोडण्याआधी मोबाईलवर चित्रण सुरू करा आणि नाणं काट्यावर ठेवेपर्यंत ते बंद करू नका. टेबलावर जाड टॉवेल अंथरा. नाणं फक्त कडेने धरायचं, आणि त्यावर वाकून बोलायचं नाही. थुंकीचा बारीक तुषार आज दिसत नाही, पण काही महिन्यांत त्याचा काळा ठिपका होतो.

तपासणी या क्रमाने:

वजन. दहा ग्रॅमच्या नाण्यात एक-दोन दशांश ग्रॅम इकडेतिकडे चालतात, अर्धा ग्रॅम नाही. काटा सपाट जागी ठेवा आणि पंखा-कुलर बंद करा. वाऱ्याच्या झोताने शेवटचे आकडे नाचत राहतात.

व्यास. तीन ठिकाणी मोजा. ओतीव नकल थंड होताना आक्रसते, त्यामुळे व्यास किंचित कमी भरतो.

चुंबक. तांबं-निकेलचं नाणं चिकटत नाही. दोन युरोच्या नाण्यात मधला भाग जरासा ओढला जातो, बाहेरचं कडं नाही, कारण मधल्या भागाच्या आत निकेलचा थर असतो. जर्सीची ब्राँझ पेनी चिकटत नाही, पोलादाची चटकन चिकटते. हाताला सवय लावायला या दोन पेन्या पुरेशा आहेत.

भिंग. अक्षरांच्या मुळाशी पाहा. ठशाने पाडलेल्या नाण्यात अक्षर जमिनीतून धारदार उठतं. ओतीव नकलेत कोपरे गोलसर, जमिनीवर बारीक खड्डे, आणि कडेवर सांध्याची रेघ दिसते.

पाण्यातलं वजन. शंका उरलीच तर हे करा, प्रूफ नाण्यावर मात्र नको. काचेच्या छोट्या ग्लासात डिस्टिल्ड वॉटर घेऊन तो काट्यावर ठेवा आणि आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका आणि चिकटलेले बुडबुडे हलवून सोडवा. काटा आता नाण्याने सारलेल्या पाण्याचं वजन दाखवतो. दहा ग्रॅम तांबं-निकेलला ते १.१२ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. तेवढ्याच वजनाच्या ९२५ चांदीला साधारण ०.९७ येईल. म्हणजे ‘चांदीचं’ म्हणून विकलेलं दहा ग्रॅमचं नाणं १.१२ दाखवत असेल तर ती चांदी नाही. नंतर नाणं मऊ सुती कापडाने टिपून घ्या, पुसू नका, आणि पूर्ण वाळल्यावरच होल्डरमध्ये ठेवा.

घरी काटा नसेल तर इतवारीतल्या सराफ्यात ओळखीच्या दुकानात वजन करून मिळेल. तिथे एकच गोष्ट निक्षून सांगा: नाण्याला कसोटीचा दगड लावायचा नाही आणि कानस फिरवायची नाही. दागिन्याला कस लावणं हा त्यांच्या रोजच्या कामाचा भाग, हात सवयीने तिकडे जातो. स्मारक नाण्याच्या कडेवर तो घासल्याचा पट्टा पडला की किंमत गेली. धातू तपासायचाच असेल तर क्ष-किरणांवर चालणाऱ्या यंत्रावर तपासा. त्यात नाण्याला ओरखडा पडत नाही. मात्र ते यंत्र पृष्ठभागच वाचतं, त्यामुळे मुलामा दिलेल्या नाण्याला पाण्यातलं वजनच खरं.

७. नागपूरच्या हवेत नाणं सांभाळणं

मार्च ते जून कोरडी भाजून काढणारी हवा, पारा पंचेचाळीसपर्यंत. त्याच दिवसांत घरात खसाच्या ताट्यांचा कुलर, म्हणजे बंद खोलीत दिवसरात्र दमट वारा. पाठोपाठ पावसाळा. म्हणून पहिला नियम असा की ज्या खोलीत कुलर लागतो तिथे नाणी ठेवायची नाहीत. गच्चीखालची तापणारी खोलीही नको. आतल्या बाजूच्या, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या लोखंडी कपाटाचा मधला कप्पा सगळ्यात चांगला. कपाट स्वयंपाकघराच्या वाटेवर नको, फोडणीचा तेलकट धूर धातूवर बसतो.

डांबराच्या गोळ्या आणि कापूर त्या कप्प्यात ठेवू नका. लाकडी किंवा प्लायवूडचा ड्रॉवरही टाळा, लाकूड आणि त्यातला गोंद आम्लाची वाफ सोडतात. रबरबँड आणि वर्तमानपत्राचा कागद नाण्याला लागू देऊ नका. रबरातलं गंधक धातू काळा करतं.

सगळ्यात मोठा शत्रू मऊ प्लास्टिकचा अल्बम. बर्डीवर स्वस्तात मिळणारे बरेचसे खिशांचे अल्बम पीव्हीसीचे असतात. उघडल्यावर नव्या रेनकोटसारखा वास आला की समजा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते प्लास्टिक मऊ पडून तेलकट पदार्थ सोडतं, आणि तांबं असलेल्या नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. मायलरच्या (पारदर्शक पॉलिस्टर पडद्याच्या) खिडकीचे पुठ्ठ्याचे होल्डर किंवा कडक ॲक्रिलिकची कॅप्सूल घ्या. बेलेमच्या नाण्याला कॅप्सूल २८ मिलिमीटरची. होल्डरला पिना मारल्यावर त्यांचे पाय पक्कडीने सपाट करा, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडे पडतात. नाव-गाव लिहायचं ते नाणं आत घालण्यापूर्वी.

डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. नारंगी दाण्यांची घ्या, ओलावा शोषल्यावर ते हिरवे होतात. मग ओव्हनमध्ये शंभर-एकशेवीस अंशांवर वाळवून पुन्हा वापरता येतात.

हिरवा थर आलाच तर शुद्ध ॲसिटोन, प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्यांकडून आणलेलं. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि सुगंध असतो. काचेच्या वाटीत, खिडकी उघडी ठेवून, गॅस-दिव्यापासून लांब, काही मिनिटं नाणं बुडवा, उलटं करा, नव्या ॲसिटोनमध्ये धुवा आणि वाळू द्या. घासायचं नाही. चिंच, लिंबू, रांगोळी, टूथपेस्ट, पितांबरी ही देवघरातल्या तांब्या-पितळेची कामं. त्यांनी नाणं लखलखीत होतं खरं, पण टांकसाळीची मूळ चमक कायमची जाते, आणि भिंगाखाली एकाच दिशेच्या बारीक रेघा पाहून कोणीही जाणकार ते लगेच ओळखतो.

८. नोंदवही

प्रत्येक नाण्याला क्रमांक द्या. त्यासमोर तपशीलपत्रक, खरेदीची तारीख, रुपयांत एकूण खर्च (नाणं, टपाल, शुल्क, बँकेचा आकार वेगवेगळे), तुम्ही स्वतः मोजलेलं वजन आणि व्यास, आणि दोन्ही बाजूंचे फोटो. बिल आणि शुल्काची पावती त्याच क्रमांकाच्या पाकिटात. पावतीची शाई उन्हाळ्यात उडते, म्हणून आल्या दिवशीच फोटो काढा.

नाणी आहेत हे चारचौघांत कळलं की फोन येऊ लागतात: ‘तुमच्या नाण्याला लाखो रुपये देतो, आधी नोंदणी फी भरा’. यात कधी रिझर्व्ह बँकेचं नावही वापरतात. बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये जाहीर सांगितलंय की ती अशा व्यवहारांत नसते आणि कुणाकडून फी किंवा कमिशन मागत नाही. खऱ्या खरेदीदाराला नाण्याचे फोटो आणि वजन हवं असतं, तुमचा ओटीपी नव्हे.

वर्षातून दोनदा, मृगापूर्वी आणि दसऱ्याच्या सुमारास, प्रत्येक नाणं होल्डरमधून न काढता भिंगाखाली पाहा आणि सिलिका जेल बदला. एखाद्या नाण्यावर ठिपका दिसला तर त्याचा फोटो तारखेसह वहीत लावा आणि पुढच्या वेळी ताडून पाहा. ठिपका तेवढाच असेल तर हात लावू नका, वाढला असेल तर होल्डर बदला आणि त्या कप्प्यातली बाकीची नाणीही तपासा.